चौकोनात मावेल एवढं

"दिवसभरात काय काय खाता?" असं डॉक्टरांनी विचारलं की आपल्याकडे बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. "विशेष काही नाही, आपलं नेहमीचंच." यात लपवाछपवी नसते. खरोखरच आठवत नसतं. ताटं उचलली, ओटा पुसला, उरलेली आमटी लहान भांड्यात काढून ठेवली की ते जेवण संपतं. कुणाच्या तरी लग्नातली पंगत वीस वर्षांनीही लक्षात असते; मठ्ठा कसा होता, जिलबी कोण आग्रहानं वाढत होतं, सगळं सांगता येतं. पण परवाच्या मंगळवारी दुपारी भाजी कसली होती, हे विचारलं तर आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. आणि साखर, रक्तदाब, वजन यांचा सगळा कारभार चालतो तो या मंगळवारांवर. लग्नाच्या पंगती त्यात फार थोड्या.

माझ्या आईला मधुमेह आहे. वय पंचाहत्तरीच्या पुढे, हातीपायी धड, स्वयंपाकघरात अजून तिचाच शब्द चालतो. ती आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिची सकाळची साखर वर-खाली व्हायची आणि त्याचं कारण कुणालाच सापडत नव्हतं. गोळ्या वेळेवर होत्या, फिरणं होतं. राहता राहिलं खाणं. आहारतज्ज्ञ बाईंनी एक छापील तक्ता दिला. डाव्या बाजूला वेळ, मग पदार्थ, मग प्रमाण ग्रॅममध्ये, मग तेल, मग शेरा. तीन दिवस भरून आणायचा होता. आईनं तो निष्ठेनं भरला. ज्या बाईनं आयुष्यभर मीठ अंदाजानं टाकलं, तिनं तीन दिवस प्रत्येक घास तोलल्यासारखा खाल्ला. चौथ्या दिवशी तक्ता दिला आणि सुटली. त्या तीन दिवसांचं तिचं जेवण आदर्श होतं, आणि साखरही. पुढच्या आठवड्यात आकडे पुन्हा जागेवर.

मग मुलीनं आजीच्या फोनवर एक ॲप घालून दिलं. थालीपीठ शोधलं तर आठ-दहा थालीपिठं समोर आली, प्रत्येकाचा आकडा वेगळा. आईचं दुपारचं जेवण बघा: अर्धी ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करलेली, वर लसणीची चटणी, चटणीवर कच्च्या तेलाची धार, शेजारी मेथीची पातळ भाजी आणि शेवटी ताक. ही एक ओळ फोनमध्ये घालायला सहा ठिकाणी शोधायचं, सहा वेळा ग्रॅम सांगायचे. तोवर तिची डुलकीची वेळ झालेली असते. आठवडाभरात ॲप बंद पडलं, आणि मला त्यात आश्चर्य वाटलं नाही.

यामागे एक साधं कारण आहे, ते मला पुढे कळलं. आपल्याकडे अन्नघटकांचं मोजमाप करणारी मोठी संस्था म्हणजे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था. १९१८ साली कुन्नूरला बेरीबेरी या रोगाच्या अभ्यासासाठी एका लहानशा खोलीत तिची सुरुवात झाली आणि १९५८ साली ती हैदराबादला आली. या संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नघटकांची जी कोष्टकं काढली, त्यात ५२८ अन्नपदार्थ आहेत. काम अफाट आहे. पण ते पदार्थ मुख्यतः कच्चे आहेत: गहू, ज्वारी, मेथी, शेपू, हरभरा. थालीपीठ त्यात शोधू नये, कारण भाजणी प्रत्येक घरची वेगळी. कुणाकडे ज्वारी जास्त, कुणाकडे हरभऱ्याची डाळ सढळ, कुणी तव्यावर थालीपिठाला चार भोकं पाडून प्रत्येकात तेल सोडतं. कच्च्या धान्यापासून ताटातल्या घासापर्यंतचं अंतर त्या घरच्या बाईच्या हातानं ठरतं. ते कुठल्याही यंत्राला बाहेरून कसं कळणार?

म्हणून मी शोधत होते ती नोंद वेगळी होती. जेवण झाल्यावर हात पुसता पुसता होईल, चष्मा नसला तरी चालेल, पाहुणे आले, लाईट गेली, अंग मोडून आलं तरी चुकणार नाही, अशी. चांगल्या दिवशी कोणतीही नोंद ठेवता येते. खरं खाणं वाईट दिवशी बिघडतं, आणि त्या दिवशी जी पद्धत टिकत नाही ती काय कामाची?

ती पद्धत आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आधीपासूनच टांगलेली होती. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' सुरू केलं, तेव्हापासून मराठी घरात पंचांग हे स्वयंपाकघराच्या भिंतीवरच आलं म्हणायला हरकत नाही. आपण त्या चौकोनांत काय लिहीत नाही? दूध एक लिटर की दीड, गॅसची टाकी कधी लावली, पेपरवाल्याचे पैसे दिले का, पोळ्यांना येणाऱ्या मावशींचे खाडे, भिशीची तारीख. आई हे सगळं पन्नास वर्षं लिहीत आली आहे. दुधाच्या हिशेबात तिची कधी पाच रुपयांचीही चूक झाली नाही. तिला नोंद ठेवायचा कंटाळा नव्हताच. तिला कंटाळा होता तो बसून, उघडून, शोधून लिहिण्याचा. येता-जाता, उभ्यानं, दोऱ्याला बांधलेल्या पेन्सिलीनं एक खूण करणं हे तिच्या हाताचं काम होतं.

जेवणाच्या खुणा ठेवण्याची रीतही आपल्याला नवी नाही. माझे वडील पुण्यात शिकायला होते तेव्हा खानावळीत जेवत. महिन्याचं कार्ड असायचं, दिवसाला दोन घरं, जेवलं की घर खोडायचं. आदल्या दिवशी सांगून खाडा केला तर पैसे वळते व्हायचे. त्याही आधी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. ते हिशेब जेवण मिळालं की नाही याचे होते. काय मिळालं, हा प्रश्न विचारायची ऐपत नव्हती. आमच्या वाट्याला तो प्रश्न आला आहे, हेही एका अर्थी भाग्यच.

तर आम्ही आईसाठी चौकोन वापरायचं ठरवलं. पहिल्याच संध्याकाळी अडचण आली. 'भा' म्हणजे काय? भाकरी, भात, भाजी तिन्ही 'भा'. आईनं क्षणभर विचार केला आणि निकाल दिला. भाजी लिहायचीच नाही, कारण ती रोज असतेच. नसेल त्या दिवशी फुली मारायची. भाकरीला 'क', भाताला 'त', पोळीला 'पो'. पोळी-भाकरीच्या पुढे आकडा, भातापुढे नाही, कारण भात ती एक मूदच घेते. आमटी-वरण 'आ', उसळ 'उ', ताक 'ता', फळ 'फ'. कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा वाढून घेतली तर त्या अक्षराभोवती गोल. आणि दोन जेवणांच्या मध्ये काहीही तोंडात टाकलं, मग ते चहाबरोबरचं बिस्कीट असो, मूठभर शेंगदाणे असोत की नैवेद्याच्या पेढ्याचा तुकडा असो, तर एक ठिपका. कशाचा, किती, काही लिहायचं नाही. सकाळची साखर मोजली असेल त्या दिवशी तो आकडा वरच्या कोपऱ्यात.

एका दिवसाची नोंद मग अशी दिसते: क१ आ ता, पो२ उ त, तीन ठिपके. लिहायला फार तर अर्धा मिनिट. ज्याला वाचता येतं त्याला त्या जेवणाचं सगळं रूप दिसतं.

प्रमाणाचं काय, हा प्रश्न उरतो. तो एका रविवारी कायमचा मिटवला. घरातली रोजची वाटी पाण्यानं भरून ते पाणी मोजपात्रात ओतलं. आमटीचं ओगराळं तसंच मोजलं. पोळ्यांना येणाऱ्या मावशींना सांगून त्यांच्या नेहमीच्या हातानं दहा गोळे करवून घेतले, तोलले आणि सरासरी काढली. मावशींचा हात इतका बसलेला की दहाही गोळे जवळजवळ सारखे. पाणी वजा करता एका पोळीत साधारण ३५ ग्रॅम कोरडी कणीक निघाली. १०० ग्रॅम कणकेत सव्वातीनशेच्या आसपास किलोकॅलरी धरल्या तर पोळी झाली ११५ची, घडीत आणि वरून लावलेलं तेल धरून १३५-१४०. आता जन्मभर 'पो२' लिहिलं की झालं. पुन्हा तराजू काढायची गरज नाही. पोषणाची पाहणी करायला गावोगाव फिरणारे लोकही ठरावीक मापांच्या वाट्या बरोबर नेतात आणि "कालची आमटी यातल्या कुठल्या वाटीएवढी होती?" असं विचारतात. आपली वाटी आपणच ठरवून टाकली की ते काम घरच्या घरी होतं. शिवाय मावशी रोज दारातून आत येताच विचारतात, "ताई, आज किती टाकू?" पोळ्यांचा आकडा रोज आपल्या तोंडून निघतच असतो. फक्त तो कुठे उतरत नव्हता.

इतक्या ढोबळ नोंदीचा उपयोग काय, असं माझ्या नवऱ्यानं विचारलं. तो इंजिनिअर, त्याला दशांश चिन्ह लागतं. त्याला उत्तर देताना मला पां. वा. सुखात्मे आठवले. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा हा माणूस, जन्म १९११चा. संख्याशास्त्रज्ञ. रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत त्यांनी वीस वर्षं संख्याशास्त्राचा विभाग सांभाळला आणि मग पुण्याला येऊन राहिले. त्या सुमारास, १९७१ साली, गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दारिद्र्यावरचा आपला अभ्यास मांडला होता. माणशी रोज २२५० कॅलरी मिळाल्या पाहिजेत, हा त्यांचा आधार होता. सुखात्मे म्हणत होते की एकाच निरोगी माणसाचं खाणं, काम तेच आणि वजन तेच असताना, रोज कमीजास्त होत असतं. शरीर ते एका मर्यादेत सांभाळून घेतं. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावरून किंवा एका ठोक रेषेवरून कुणाचं पोषण ठरवू नये. यावरून सुखात्मे आणि दांडेकर यांच्यात मोठा वाद झाला आणि तो वर्षानुवर्षं चालला. या मताच्या आधारानं भुकेल्यांची संख्या कागदावर कमी होईल, ही दांडेकरांच्या बाजूच्या लोकांची भीती मला आजही रास्त वाटते. ज्याच्या ताटात मुळातच कमी आहे, त्याला शरीर सांभाळून घेईल असं सांगणं क्रूर आहे.

पण भरल्या घरातल्या माणसाच्या वहीसाठी सुखात्म्यांचं म्हणणं फार मोलाचं आहे. रोजचं खाणं असं हलत असेल, तर तीन दिवसांची काटेकोर नोंद म्हणजे हलत्या गोष्टीची तीन छायाचित्रं. त्यापेक्षा वर्षभर चालणारी ढोबळ नोंद कितीतरी जास्त सांगते. एखाद्या दिवशी तीन पोळ्या जास्त झाल्या याला अर्थ नाही. प्रत्येक शनिवारी होत असतील तर आहे. नवऱ्याला हे पटलं. आता तो स्वतःच्या खुणाही करतो, दशांशाविना.

काटेकोरपणाची दुसरीही एक अडचण आहे. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये दहा माणसांचा अभ्यास झाला. बाराशे कॅलरीही खात नाही तरी वजन उतरत नाही, अशी त्यांची तक्रार होती. शरीरातला खर्च शास्त्रीय पद्धतीनं मोजला तेव्हा दिसलं की त्यांनी लिहिलेलं खाणं प्रत्यक्षातल्या जेमतेम निम्मं होतं. ती माणसं खोटारडी नव्हती. जेवणं सगळ्यांना आठवतात. विसरलं जातं ते मधलं. स्वयंपाक करताना चव घेतलेलं, मुलाच्या ताटात उरलेलं, डबा बंद करताना तळाशी राहिलेली शेव. म्हणून आईच्या पद्धतीतला ठिपका मला सगळ्यात हुशारीचा वाटतो. त्यात नाव नाही, वजन नाही, त्यामुळे लिहायला लाज नाही आणि आळसही नाही. आणि नोंदीनं फरक पडतो, हेही पाहिलं गेलं आहे. अमेरिकेत सुमारे १७०० जणांच्या एका अभ्यासात, २००८ साली, जवळजवळ रोज खाणं लिहून ठेवणाऱ्यांचं वजन मुळीच न लिहिणाऱ्यांच्या दुपटीनं उतरलं होतं. पेन्सिल हातात घेतानाच माणूस क्षणभर थांबतो, तेवढंही पुष्कळ असतं.

आमच्या भिंतीनं पहिली गोष्ट दाखवली ती चतुर्थीला. कॅलेंडरवर उपासाचे दिवस छापलेलेच असतात: संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार. त्यांच्या दुसऱ्या दिवशीच्या कोपऱ्यातला साखरेचा आकडा कायम चढलेला. महिन्याचं पान डोळ्यांसमोर आलं तेव्हा ते कुणाला सांगावं लागलं नाही. उपासाला दुपारी साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी वडे नाहीतर पुन्हा खिचडी, वर बटाट्याची भाजी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. प्रथिनं त्यात नावालाही नाहीत. आम्ही तीन डॉक्टर केले, गोळ्या बदलल्या, आणि उत्तर देवाधर्माच्या छापील अक्षरांशेजारी महिनोन्महिने लिहिलेलं होतं. आईनं तो महिना बोटानं खालपर्यंत वाचला. मग म्हणाली, "एकादशी सोडणार नाही. साबुदाणा सोडते." आता ती राजगिऱ्याची भाकरी करते, दाण्याची आमटी आणि वाटीभर दही घेते. गोळ्या चालू असताना उपास धरावा का, कसा धरावा, हे डॉक्टरांना विचारून घेतलं ते वेगळं, आणि ते प्रत्येकानं विचारावंच. चातुर्मास, धान्यफराळ, कांदेनवमी, धारणे-पारणे अशी काय खायचं आणि कधी सोडायचं याची वर्षभराची आखणी आपल्या बायकांनी पिढ्यान्पिढ्या डोक्यात ठेवली. तिच्याच शेजारी साखरेचा आकडा बसवायला आईला जरासुद्धा जड गेलं नाही.

दुसरी गोष्ट तेलाची. ही तर सगळ्यात कमी कष्टाची नोंद आहे, दीड महिन्यातून एकदा करायची. गॅसची टाकी लावली की तारीख लिहितो, तशी तेलाचा डबा फोडला की लिहायची. २०२४ साली राष्ट्रीय पोषण संस्थेनं दिलेल्या आहारसूचनांमध्ये दिवसाच्या २००० किलोकॅलरींच्या ताटाला तेल-तूप २७ ग्रॅम धरलं आहे. पाच लिटरच्या डब्यात साडेचार किलोच्या आसपास तेल असतं. आम्ही घरात चार माणसं. म्हणजे डबा सहा आठवडे पुरायला हवा. आमचा चार आठवड्यांत संपत होता, आणि तूप, बाहेरचं खाणं त्यात धरलेलंच नव्हतं. मिठाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. चौघांत किलोची पिशवी पन्नास दिवसांच्या आत संपता कामा नये. कुठलीही वही नाही, कॅलरी नाही, फक्त दोन तारखांमधलं अंतर. मला ही रीत फार आवडते, कारण ती कुणा एकाच्या ताटाकडे बोट दाखवत नाही. सगळं घर एका डब्यातून खातं, सगळ्या घरानं मिळून तो हळूहळू संपवायचा. आम्ही फोडणीची पळी बदलून चमचा आणला. पुढचा डबा पाच आठवड्यांवर गेला.

पण घराचा डबा घराचंच सांगतो. त्यातलं कुणाच्या वाट्याला काय आलं, हे तो सांगत नाही, आणि माझ्या दृष्टीनं खरी गोष्ट तिथेच आहे. देशभरच्या खर्चाच्या मोठ्या पाहण्यासुद्धा घर हाच घटक धरतात: या घरात महिन्याला इतके किलो गहू, इतकी डाळ. माणशी किती, ते भागून काढायचं. भागाकारात सगळ्यांना सारखं मिळतं. ताटात तसं मिळत नाही.

आईच्या चौकोनात 'उ' फार कमी होता. उसळ तर आमच्याकडे दिवसाआड असते. मटकी, मूग, चवळी, मोड आणण्याचं काम तीच करते, फडक्यात घट्ट बांधून, वर वजन ठेवून. मग तिच्या चौकोनात उसळ का नाही? मी काही न बोलता चार दिवस जेवणाच्या वेळी तिच्याकडे बघत राहिले. ती सगळ्यांना वाढते. जावयाला दोनदा, नातीला आग्रहानं. शेवटी स्वतः बसते तेव्हा पातेल्यात रस्सा असतो, तळाशी चार दाणे. तो रस्सा ती आदल्या दिवशीच्या भाकरीवर घेते आणि पातेलं घासायला टाकते. तिच्या हिशेबी ती उसळ जेवलेली असते. पण चौकोनात अक्षर लिहिताना तिचा हात थांबायचा. रश्शाला 'उ' म्हणायचं का? प्रामाणिक बाई, तिनं ते लिहिलं नाही. कुठल्याही डॉक्टरांना ती "उसळ असते आमच्याकडे" असंच सांगत आली होती, आणि ते खरंही होतं.

देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आहेत, असं २०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. त्याची कारणं अनेक आहेत, नुसती उसळीची वाटी नाही. पण शेवटी जेवायला बसणं हे त्या कारणांत आहे, असं मला मनापासून वाटतं, आणि ते कुठल्याच ॲपमध्ये भरता येत नाही. आता आमच्याकडे उसळ झाली की पहिली वाटी आईची काढून झाकून ठेवायची, मग पातेलं टेबलावर न्यायचं. सुरुवातीला तिला ते अवघड वाटायचं. "मी काय पाहुणी आहे का?" म्हणायची. आता म्हणत नाही. तिच्या चौकोनात 'उ' येतो आणि दुपारचे ठिपके तिनावरून एकावर आले आहेत. पोटात काही असलं की चार वाजता बिस्किटाच्या डब्याकडे हात जात नाही, इतकं ते सरळ आहे.

मावशींना मी एकदा विचारलं, तुम्ही कधी जेवता? चार घरच्या पोळ्या करून घरी पोचायला त्यांना तीन वाजतात. सकाळी निघताना चहा-खारी, त्यानंतर थेट तीन वाजता. मधे वीस-पंचवीस माणसांच्या पोळ्या. त्यांचे खाडे आमच्या भिंतीवर लिहिलेले असतात, तारीखवार. त्यांनी काय खाल्लं हे कुठल्याच भिंतीवर नाही. आता आमच्याकडे त्यांची दोन पोळ्या आणि भाजी अकरा वाजता ठरलेली आहे, बसून, ताटात. त्याची नोंद मी ठेवत नाही. ती कुणाच्या हिशेबात धरायची गोष्ट नाही. आई मात्र सकाळी कणीक काढतानाच दोन पोळ्यांची जास्त काढते.

नोंदीचे आणखी प्रकार आम्ही करून पाहिले. नवरा कँटीनमध्ये जेवतो तेव्हा ताटाचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. एका बोटाचं काम आहे, आणि परगावी राहणाऱ्या मुलांसाठी त्यासारखं दुसरं काही नाही. फोटोत भाजीची वाटी दिसली की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण फोटो पहिल्या वाढीचा असतो. दुसऱ्यांदा घेतलेला भात त्यात येत नाही, तेल दिसत नाही, आणि कुणीही शेंगदाण्याच्या मुठीचा फोटो काढत नाही. मूठभर म्हणजे तीस ग्रॅम दाणे धरले तर ते दीड-पावणेदोनशे किलोकॅलरींच्या घरात जातात, एका पोळीहून जास्त. नुसत्या वेळा मोजणं हाही एक मार्ग आहे. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रभर पोचवलेला दोनच वेळा जेवण्याचा प्रयोग लोकांनी इतका उचलला, त्याचं एक कारण मला हेच वाटतं की त्याची नोंद डोक्यात राहते. आज किती वेळा खाल्लं, एवढाच प्रश्न. आईसारख्या वयस्क, औषधांवर असलेल्या माणसानं तो मार्ग आपल्या आपण धरू नये. साखर एकदम खाली येण्याचा धोका असतो. पण मोजायची गोष्ट एकच आणि सोपी असावी, ही त्यातली समज अगदी खरी आहे.

मुलीला मात्र मी या सगळ्यातून बाहेर ठेवलं आहे. ती चौदा वर्षांची आहे. तिच्या वर्गातल्या मुली एकमेकींची मनगटं मोजतात, डब्यातला भात परत आणतात. या वयात खाण्याचा आकडा भिंतीवर लागला की तो अंगाचा आकडा होतो, आणि तो मनात शिरला की सहजासहजी निघत नाही. वाढत्या मुलीनं भूक लागली की खावं, दोनदा लागली तर दोनदा खावं. तिनं विचारलं, माझा चौकोन का नाही? मी सांगितलं, आजीची साखर आहे, बाबांचा रक्तदाब आहे, तुझं काही नाही. तिला ते पटलं की नाही कोण जाणे. मी तिचं काही लिहीत नाही. संध्याकाळी डबा धुताना फक्त बघते. मटकीची उसळ परत आली असेल, तर दुसऱ्या दिवशी ती बटाट्यात कालवून पॅटिस करते, आणि डब्यात दोन मैत्रिणींसाठी म्हणून चार जास्त घालते.